वर्तुळातलं टिंब

दिवेलागणीच्या जरा आधी मामा ओट्यावरून उठायचा. कुणी सांगायला लागत नसे. गिरजा नदीच्या बाजूनं म्हशी परतायला लागल्या, त्यांच्या खुरांची धूळ दारासमोर तरंगायला लागली, की तो हातातला पेपर घडी करून बगलेत धरायचा, डाव्या हातानं भिंत चाचपत आत जायचा आणि देवळीजवळ पाठ टेकून बसायचा. मग सकाळपर्यंत तिथून हलायचा नाही. हरिपाठ तिथं, भाकरी तिथं. रात्री बाहेर जायची वेळ आलीच तर मामी कंदील घेऊन पुढं आणि मामा तिच्या पदराचं टोक धरून मागं. आम्ही सुट्टीला आलेली पोरं तोंडावर हात धरून हसायचो. एवढा मोठा बाप्या बाईचा पदर सोडत नाही, यात आम्हाला काहीतरी चावट दिसायचं. आम्हाला फार दिसायचं तेव्हा.

फुलंब्री तालुक्यातलं हे गाव. नाव लिहीत नाही, कारण या गोष्टीतली बरीच माणसं अजून तिथंच नांदतात.

दिवसा मात्र मामासारखा वाचणारा गावात नव्हता. मोंढ्यातले कपाशीचे भाव, सातबाऱ्यावरचं तलाठ्याचं अक्षर, औषधाच्या बाटलीवरचं मुंगीएवढं छापील, सगळं तो न अडखळता वाचून दाखवायचा. आणि हाच मामा पायाजवळ ठेवलेल्या बादलीवर आदळायचा. रस्त्यात बसलेल्या वासराच्या अंगावर जायचा. कुणी बाजूनं रामराम घातला तर त्याला कळायचं नाही, आणि तो माणूस पुढं चार घरी सांगायचा की फार मिजास आलीय. "पेपरातला बारीक टाइप दिसतो अन् बादली दिसत नाही व्हय?" असं पारावर उघड बोललं जायचं. ढोंगी हा शब्द मी पहिल्यांदा मामाबद्दल ऐकला. पोकळ बांबूच्या नळीतून बघणाऱ्या माणसाला नळीसमोरचं अक्षर स्वच्छ दिसतं आणि नळीबाहेरचा बैलही दिसत नाही, हे पारावर कुणाला ठाऊक असणार?

आजीकडं या सगळ्याला एकच नाव होतं, रातांधळं. कोंबडीला दिवस मावळला की दिसत नाही, तसं लेकराला. तिनं सहज दिलेली ही उपमा शास्त्रापासून लांब नाही. कोंबडीच्या डोळ्यात उजेडात काम करणाऱ्या पेशी भरपूर आणि अंधारात काम करणाऱ्या थोड्या असतात. आजीला उपायही ठाऊक होता: बकऱ्याचं काळीज. रातांधळ्यावरचा हा उपाय सुश्रुतसंहितेत आहे. आजीनं सुश्रुताचं नावसुद्धा ऐकलेलं नव्हतं. अडचण एवढीच की घर माळकरी. मामाच्या गळ्यात तुळशीची माळ दहाव्या वर्षापासून. मग आजी शेजारच्या आपाच्या चुलीवर काळीज शिजवून घ्यायची आणि ज्वारीच्या भाकरीत दडवून, औषधाची भाजी म्हणून, मामाला भरवायची. मामानं ते ओळखलं नसेल असं मला वाटत नाही. पण त्यानं कधी विचारलं नाही आणि आजीनं मरेपर्यंत सांगितलं नाही. आमच्या घराण्यात डोळ्यांबद्दल न बोलण्याची सुरुवात बहुतेक तिथूनच झाली असावी.

काळजानं गुण येतो, पण अन्नातल्या उणिवेनं आलेल्या रातांधळ्यावर. काळजात अ जीवनसत्त्व असतं आणि डोळ्याच्या पडद्यातलं अंधुक उजेड टिपणारं रंगद्रव्य त्याच्यावाचून बनत नाही. पोटाला न मिळाल्यामुळं रातांधळं झालेलं पोर त्यानं थोड्या दिवसांत अंधारात चालायला लागतं. अंगणवाडीत लेकरांना तोंडातून जो डोस पाजतात तो त्यासाठीच. मामाचं रातांधळं पोटातून आलेलं नव्हतं.

शेतीचं मात्र अंधारावाचून चालत नव्हतं. आमच्याकडं मोटारीची लाईट पाळीपाळीनं येते आणि बऱ्याचदा ती रात्रीच येते. गहू असो, अद्रक असो, पाणी भरायला रात्री रानात जावंच लागतं. घरचा कर्ता पुरुष दिवस मावळल्यावर आंधळा, म्हणून मामी जायची. एका हातात फावडं, एका हातात बॅटरी. तिला विंचवाची नाही, एकटेपणाची भीती वाटायची. मग मामा तिच्याबरोबर जायचा, पदर धरून, आणि विहिरीच्या बाजूच्या बांधावर मांडी घालून बसायचा. मामी वाफ्यामागून वाफा दारं फोडत लांब लांब जायची आणि मामा मोठ्यानं अभंग म्हणत राहायचा. थांबायचा नाही. आवाज थांबला की मामी लांबून हाक द्यायची, "झोपला का?" की परत सुरू. त्या रात्रींत त्याला ती दिसत नसे. तिला तो ऐकू येत असे, तेवढ्यावर एकेक एकर भिजून व्हायचं. एकदा मी बरोबर होते. वर चांदण्यांचा नुसता सडा पडला होता. मी म्हटलं, मामा, बघ किती चांदण्या! तो म्हणाला, "चांद दिसतो मला. चांदण्या कशा असतात गं?" मी सात-आठ वर्षांची होते. मला वाटलं, चेष्टा करतोय.

१९८० च्या हिवाळ्यात शाळेची सहल अजिंठ्याला गेली. दादा सातवीत, मी पाचवीत. फुलंब्रीवरून आळंद, सिल्लोड, गोळेगाव, फर्दापूर, एसटीच्या खिडकीतून कपाशीची बोंडं मोजत आम्ही गेलो. पहिल्या लेण्यात शिरलो तेव्हा सगळेच आंधळे झाले. बाहेर रखरखीत ऊन आणि आत गुहा. गुरुजी म्हणाले, "गप उभे राहा, डोळे सरावतील." आणि खरंच, पाच मिनिटांनी भिंतीतून एक मुकुट वर आला, मग खांदा, मग हातातलं कमळ, मग खाली झुकलेल्या त्या पापण्या. पद्मपाणी. पोरं 'दिसला दिसला' करत पुढं सरकली. दादा जागचा हलला नाही. त्यानं माझी बाही पकडली होती. "काय दिसलं?" त्यानं हळूच विचारलं. अंधारात डोळा पुरता सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, पण दादा तासभर उभा राहिला असता तरी तो मुकुट वर येणार नव्हता. बाहेर आल्यावर त्यानं निबंधात पद्मपाणीचं सुंदर वर्णन लिहिलं, माझं ऐकून. त्याला पहिला नंबर मिळाला.

घरी आल्यावर मी आईला सांगितलं. आई चुलीपुढं होती. तिनं वळून बघितलं नाही. म्हणाली, "बापाला बोलू नको."

आईच्या या एका वाक्यामागं माझी दुसरी आजी उभी होती, वडिलांची आई. दादा संध्याकाळी अंगणात अडखळायला लागला तेव्हा तिनं ओसरीवरून आईला ऐकवलं होतं, "तुझ्या माहेरचं रातांधळं माझ्या घरात आणलंस." पुढं कित्येक वर्षांनी, डॉक्टरांनी सगळं उलगडून सांगितलं तेव्हा माझ्या मनात हेच आलं की म्हातारी बरोबर होती. वाट तिनं अचूक ओळखली होती. आजीच्या भावाला होतं, मग मामाला, मग दादाला. भाचा मामावर जातो म्हणतात, तसा डोळ्यांनी गेला. खरं बोलली, आणि टोमणा म्हणून बोलली, म्हणून तिचं खरं कुणाच्या उपयोगाला आलं नाही. टोमण्यातलं खरं माणूस गिळून टाकतो. आईनं गिळलं.

दादाच्या डोळ्यात पहिल्यांदा नीट बघितलं ते शहरातल्या एका पडद्याच्या डॉक्टरांनी, बारावीच्या सुट्टीत. बाहुली मोठी करणारे थेंब घातले, डोक्याला दिवा बांधला, भिंग धरलं. "पडद्याच्या कडेला काळं साचलंय," ते म्हणाले, "हाडाच्या किसासारखं." नाव सांगितलं, रेटिनायटिस पिगमेंटोसा. १८५१ साली हेल्महोल्ट्झनं डोळ्याच्या आत बघायचं उपकरण केलं. तोवर जिवंत माणसाचा पडदा नीट बघता येत नव्हता. १८५७ मध्ये डोंडर्स नावाच्या डच डॉक्टरनं हे नाव ठेवलं. नावाच्या पहिल्या शब्दाचा अर्थ पडद्याची दाहक सूज, आणि या रोगात तशी सूज मुळात नसते. चुकीचं नाव दीडशे वर्षं टिकलं. मामाला 'ढोंगी' हे नाव टिकलं तसंच.

पडदा म्हणजे किती? जाडीला पाव मिलिमीटर, भिजवलेल्या कागदासारखा. त्यात अंधारासाठीच्या दंडपेशी १० कोटींच्या आसपास आणि उजेडासाठीच्या, रंगासाठीच्या शंकूपेशी सुमारे ६० लाख. शंकूपेशींची दाटी मधोमध, दंडपेशींचं रान सगळीकडं. या रोगात आधी रान वाळतं, म्हणून आधी रात्र जाते, मग कडा जातात, आणि मधला ओलिताचा तुकडा सगळ्यात उशिरापर्यंत हिरवा राहतो. पेपर वाचणारा मामा त्या तुकड्यावर जगत होता. पन्नाशीच्या आत तो तुकडाही वाळला.

आमच्या घराण्यातली चूक ज्या जनुकात आहे त्याचं नाव आरपीजीआर. ते एक्स गुणसूत्रावर असतं आणि १९९६ मध्ये सापडलं. मला विज्ञान फारसं कळत नाही, पण त्याचं काम मला चौक्याच्या घाटावरून समजलं. फुलंब्रीहून शहराकडं जायचं तर चौक्याचा घाट ओलांडावा लागतो. अद्रकीचा ट्रक, दुधाची गाडी, एसटी, सगळं त्या एका चिंचोळ्या वाटेनं. दंडपेशीच्याही दोन खोल्या असतात. एका खोलीत माल तयार होतो, दुसरीत उजेड टिपणाऱ्या चकत्या रचलेल्या असतात, आणि मधे केसाहून बारीक दांडी. चकत्या रोज झिजतात. सकाळचा उजेड पडला की पेशी त्यातला दहावा हिस्सा टाकून देते आणि नवा रचते. त्यासाठीचा सगळा माल त्या दांडीतून जायला हवा, आणि दांडीवरचा पहारा हे या जनुकाचं काम. पहारा बिघडला की घाट तुंबतो. एका दिवसात काही होत नाही. वर्षानुवर्षं तुंबत तुंबत पलीकडचं गाव ओस पडतं.

आता लग्नाचं सांगते. इथं हात जड होतो.

दादा चोविसाचा झाला. कॉलेज झालेलं, दिवसा बघणाऱ्याला कळू नये असा देखणा. स्थळं यायची. आईला भीती होती की कुणीतरी संध्याकाळी येईल. पाहुणे दुपारच्या जेवणाला बोलवायचे आणि चारच्या एसटीत बसवून द्यायचे, असं चाललं होतं. दोन ठिकाणी कळलंच, आणि त्यांनी नुसतं नाही म्हटलं नाही, माझ्याही स्थळांपर्यंत ती गोष्ट पोचवली. तेव्हा मामा आला. स्वतःच्या मुलीला घेऊन, तिच्या खांद्यावर हात ठेवून. आईला म्हणाला, "माझ्या भाच्याला माझी पोर. त्याची रात्र मला ठाऊक आहे, तिलाही ठाऊक आहे. बापाचा हात धरून वाढलीय. दुसरी कोण सांभाळील?" मामाची मुलगी करणं आमच्याकडं रीतीतलं, त्यात नवल नव्हतं. पण मला त्या दिवशीचा मामा आठवतो. त्याच्याजवळ देण्यासारखं जे सगळ्यात मोलाचं होतं ते तो देत होता. आई त्याच्या पाया पडली, तो धाकटा भाऊ असून. १९९१ च्या वैशाखात लग्न झालं. दुपारचा मुहूर्त धरला होता.

त्यांना एक मुलगा, एक मुलगी. आमच्याकडच्या बायकांचा एक ठाम विश्वास होता: पोरींना हे लागत नाही. तीन पिढ्यांत लागलं नव्हतं. मुलगा झाला तेव्हा सगळ्यांचे श्वास अडकले होते. पाचवीला सटवाईपुढं कोरा कागद आणि पेन ठेवताना वहिनीचे हात थरथरत होते. तो निर्धोक निघाला. मुलगी झाली तेव्हा कुणी काळजीच केली नाही. ती चार वर्षांची असताना लाईट गेली की जिथं असेल तिथं खाली बसायची आणि लाईट येईपर्यंत उठायची नाही. वहिनीनं ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा तिनं काय ओळखलं हे मला तिनं कधी सांगितलं नाही. तिनं बापाला असं बसताना बघितलं होतं.

हिशेब साधा आहे, आणि तो आम्हाला कुणी आधी मांडून दाखवला असता तर, असं मी हजारदा म्हटलंय. बाईला एक्स दोन, पुरुषाला एक. पुरुषाच्या एकुलत्या एक्सवर चूक असली की ती झाकायला दुसरा नाही. बाईचा दुसरा एक्स सांभाळून घेतो, म्हणून तिला बहुतेक दिसतं आणि ती चूक पुढं नेते. आजारी बापाची चूक मुलाकडं जात नाही, कारण मुलाला तो एक्स देतच नाही. मुलीकडं मात्र जातेच, दर मुलीकडं. म्हणजे मामाची मुलगी चूक घेऊनच जन्मलेली. आणि दादा आजारी. त्यांच्या मुलीला बापाकडून चूक नक्की, आईकडून निम्मी शक्यता. नाणं वाईट बाजूला पडलं. दादानं परक्या घरातली मुलगी केली असती तर त्याच्या मुलीला डोळे राहिले असते. आम्ही लपवलं, म्हणून परकं घर मिळालं नाही.

हैदराबादच्या एका मोठ्या नेत्रसंस्थेत भाचीला घेऊन गेलो ते ती सत्तावीस वर्षांची झाल्यावर, रक्त तपासून जनुक बघता येतं असं कळल्यावर. गेलो अजिंठा एक्सप्रेसनं. गाडीचं नाव वाचून दादा हसला. तिथं एक समुपदेशक बाई होत्या. त्यांनी कोरा कागद पुढं ओढला, सटवाईचाच म्हणा, आणि विचारायला लागल्या. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे वर्तुळ. आजारी असेल तर काळं भरायचं. आजीचा भाऊ काळा चौकोन, मामा काळा चौकोन, दादा काळा चौकोन. मग ज्या बायका चूक वाहून नेतात त्यांच्या वर्तुळात मधोमध त्या एक टिंब द्यायला लागल्या. आजीच्या वर्तुळात टिंब. आईच्या वर्तुळात टिंब. वहिनीच्या. मी कागद माझ्याकडं फिरवला. कुंकू लावलेल्या बायकांची रांगच बसली होती.

तेव्हा मला त्र्यंबकेश्वरची वही आठवली. वडील गेल्यावर आम्ही तिथं गेलो होतो आणि आमच्या गुरुजींनी लाल कापडात बांधलेलं बाड उघडून सात पिढ्यांची नामावळी घडाघडा वाचली होती. खापरपणजोबापासून सगळे. त्यांच्या जमिनी, त्यांचं गाव, कोण कधी येऊन गेलं ते. ऊर भरून आला होता. पण त्या नामावळीत आमच्या घरातली एकही लेक नव्हती. लग्न होऊन गेली की ती दुसऱ्याच्या वहीची, आणि तिकडंही ती अमक्याची पत्नी एवढीच. आणि हा रोग चालतो नेमका तिच्या वाटेनं. आजीपासून आई, आईपासून मी, असा चुलीचुलीतून. शंभर वह्या चाळल्या तरी तो सापडायचा नाही. १८७६ मध्ये झुरिकच्या हॉर्नर नावाच्या डॉक्टरनं लाल-हिरवा रंग न ओळखणाऱ्या माणसांची घराणी तपासली आणि लिहून ठेवलं की हा दोष आजोबाकडून, डोळस मुलीच्या मार्फत, नातवाकडं जातो. त्याला हे दिसलं, कारण त्यानं मुलींची लग्नं कुठं झाली ते विचारलं.

सगळेच डोळ्यांचे आजार असे एका जनुकावर उभे नसतात. म्हातारपणी पडद्याचा मधला भाग झिजतो त्याच्या मागं अनेक जनुकं आहेत. २००५ मध्ये त्यातलं एक महत्त्वाचं हाती लागलं. पण विडी-सिगारेटचाही त्यात मोठा वाटा आहे. डोळ्याची घडणसुद्धा बरीचशी वारशानं येते. नागपूरजवळच्या खेड्यांत तिथल्या सूरज आय इन्स्टिट्यूटनं २००६ ते २००८ या काळात तिशीपुढच्या ४,७११ माणसांचे डोळे मोजले. बुबुळापासून पडद्यापर्यंतची लांबी सरासरी साडेबावीस मिलिमीटरच्या जरा वर भरली. ही लांबी एका मिलिमीटरनं वाढली तर चष्म्याचा नंबर अडीच-तीननं सरकतो. आणि त्याच खेड्यांत रेटिनायटिस पिगमेंटोसा सुमारे साडेसातशे माणसांत एकाला सापडला. जगाचा आकडा साधारण चार हजारांत एक असा सांगतात. आमच्यासारख्या एक्सच्या वाटेनं जाणाऱ्या प्रकाराला नात्यातली सोयरीक लागत नाही, तो परक्या घरातही शिरतो. पण आई-बाप दोघांकडून एकेक दोष आला तरच होणारे दुसरे प्रकार आहेत, आणि ते आते-मामे लग्नांत जास्त डोकं वर काढतात. आपण रक्त आपल्यातच ठेवतो, तसं त्यातलं हेही आपल्यातच राहतं.

डोळा घडवणाऱ्या जनुकांतलं एक पॅक्स-६. १९९५ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये वॉल्टर गेहरिंग यांच्या प्रयोगशाळेत फळमाशीतलं त्याचं भावंड भलत्या जागी चालू केलं, तर माशीच्या पायावर, पंखावर डोळे उगवले. उंदराचं जनुक घातलं तरी माशीचेच डोळे आले. हे वाचलं तेव्हा मला हजार डोळ्यांचा इंद्र आठवला आणि रागच आला. एकाला शापानंसुद्धा हजार, आणि आमच्या पोरीला दोन चालवायची मारामार.

भाची मला विचारते, औषध कधी? मी तिला जेवढं ठाऊक आहे तेवढं सांगते. २०१७ च्या डिसेंबरात अमेरिकेत पडद्यात टोचायच्या पहिल्या जनुकऔषधाला परवानगी मिळाली. ते आरपीई-६५ नावाच्या वेगळ्या जनुकासाठी, आणि दोन डोळ्यांची किंमत साडेआठ लाख डॉलर ठेवली होती. आमच्या जनुकावर माणसांवरचे प्रयोग झालेत, चालू आहेत. ती म्हणते, "म्हणजे घाट मोकळा करायचं चाललंय, पण दुसरा." ती शिक्षिका आहे. पांढरी काठी वापरते, पदर धरत नाही. दादानं कधी काठी धरली नाही, मामानं तर नावही ऐकलं नव्हतं.

हैदराबादला त्या दिवशी समुपदेशक बाईंनी माझं वर्तुळ रिकामं ठेवलं होतं आणि मला आत पाठवलं. थेंब, दिवा, भिंग. तरुण डॉक्टरीणबाई बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "मावशी, तुमच्या पडद्यावर सोनेरी चमक आहे." हा दोष वाहून नेणाऱ्या काही बायकांच्या पडद्यावर असा सोनेरी वर्ख दिसतो, सगळ्यांच्या नाही. दिसायला मला काही त्रास नाही, रात्री सुई ओवते. पन्नास वर्षं मी डोळ्यांत सोनं घालून फिरत होते आणि ते बघायला कुणी दिवा धरला नव्हता. बाहेर येऊन मीच पेन घेतलं आणि माझ्या वर्तुळात टिंब दिलं. दादा शेजारी बसला होता. त्यानं विचारलं, "काय काढलंस?" मी त्याचं बोट धरून कागदावर ठेवलं.

परत आल्यावर मी वही केली. साधी, दोनशेपानी. आजीच्या बहिणी कुठं दिल्या, त्यांच्या लेकी कुठं दिल्या, त्या लेकींच्या पोरांना रात्री दिसतं का. पाल, बाबरा, वडोदबाजार, पिरबावडा, पुढं भोकरदन, जालना. कुणी चहा दिला, कुणी उंबऱ्याबाहेरून बोळवलं. "कामून विचारतीस? आमच्या पोरीची सोयरीक चाललीय," एक मावशी म्हणाली आणि दार लोटून घेतलं. मला तिचा राग आला नाही. चारची एसटी मला ठाऊक आहे. एका घरी मात्र अकरा वर्षांचा पोरगा भेटला. मास्तर त्याला फळ्यावरचं नीट वाचतो पण मैदानात चेंडू सोडतो म्हणून मारत होते. त्याला आता काय झालंय ते ठाऊक आहे, मास्तरांनाही. औषध नाही. मार थांबला.

माझी लेक चोवीस वर्षांची आहे, दादाच्या लग्नावेळी तो होता तेवढी. तिला मी सगळं सांगितलं. तिनं रक्त दिलं, आणि एक स्थळ आलं होतं त्यांच्यापुढं स्वतःच कागद मांडून बोलली. ते स्थळ गेलं. दुसरं अजून आलेलं नाही.

तुमच्या घरात, गल्लीत, कुणी दिवे लागायच्या वेळेला उंबऱ्याला अडखळत असेल आणि दुपारी पेपर मात्र घडाघडा वाचत असेल, तर त्याला पडद्याच्या डॉक्टरांकडं न्या. जाताना त्याच्या आईकडच्या माणसांची यादी बरोबर न्या. मावश्यांसकट.